पहिलं फुलपात्र

बदलापूर पूर्वेला, शाळेमागच्या गल्लीत, चौबळांच्या दारावर पाटी श्रीपादच्या नावाची आहे. पण गल्लीच्या तोंडाशी कुणी रिक्षावाल्याला पत्ता विचारला तर तो म्हणतो, "सरबतवाल्या वहिनी ना? जांभळ्या फरशीचं घर दिसलं की थांबा." मागच्या अंगणातली फरशी खरंच जांभळी आहे. सतरा-अठरा उन्हाळे तिच्यावर जांभळं धुतली, चोळली, गाळली गेली. ॲसिड ओतून झालं, राख घासून झाली, पण डाग काही हलले नाहीत.

पद्मजा चौबळ आता अठ्ठेचाळीसची. बुटकी, भरल्या अंगाची, बोलताना हाताने हवेत काहीतरी ढवळणारी. नवरा अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत क्वालिटीला. तो बायकोच्या कामाला 'उद्योग' म्हणतो. "काय, आज काय उद्योग?" असं विचारत घरात शिरतो. कोकम, करवंद, आवळा असं सगळंच ती करते, पण तिचं नाव झालं ते जांभळावर. फळ मिठाच्या पाण्यात घालायचं, चाळणीवर तळहाताने घोळायचं, गर खाली आणि बिया वर. मग साखर, चिमूट सैंधव, मंद आच. उकळी फुटायच्या आत गॅस बंद करायचा. "उकळलं की जांभळाचा जीव जातो," असं तिची सासू म्हणायची. सासू गेली. वाक्य पद्मजाच्या तोंडात राहिलं, आणि एक रीतही राहिली.

रीत अशी, की हंगामाचा पहिला घोट घरातल्या कुणी घ्यायचा नाही. तो चंद्रीचा.

चंद्री बारवी धरणाच्या अंगाला डोंगरातल्या वाडीवरची. साठीची असेल, तिलाही नक्की माहीत नाही. जांभळं तीच आणते. झाडाखाली पडलेलं फळ ती पाटीत घेत नाही, फांदी वाकवून हाताने तोडलेलंच. सासूबाईंच्या वेळी पहिल्यांदा सरबत केलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "चंद्रे, झाड तुझ्या ओळखीचं. जमलं का ते आधी तू सांग." तेव्हापासून ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात, खिडकीखाली, एक पोचा आलेलं स्टीलचं फुलपात्र पहिल्या सरबताने भरून ठेवलेलं असतं. चंद्री मागच्या दाराने येते, नळावर पाय धुते, आत येऊन फुलपात्र उचलते, मान मागे टाकून वरून घोट घेते आणि निकाल देते. "औंदा साकर जास्ती." "औंदा बरा." तोंड लावून ती कधी पीत नाही. सासूबाईंच्या काळात तिने तसंच प्यावं अशी अपेक्षा असायची, कुणी बोलून दाखवायचं नाही एवढंच. पद्मजा एकदा धीर करून म्हणाली, "चंद्रीबाई, तोंड लावून प्या ना." चंद्री म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाय. आता मानेला सवय झाली."

चंद्रीची दुसरी ओळख वाडीवरची. तिचा नवरा देऊ दारू पिऊन बांधावरून घसरला आणि घोटाभर पाण्यात पालथा पडून मेला. घोटाभर पाण्यात. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी चंद्री बायकांना घेऊन घरोघर फिरली आणि मोहाची मडकी फोडली. पण तिथेच थांबली नाही. वाडीच्या देवाला लावणीआधी दारूची धार देत, दगडापुढे जमिनीवर ओतत. तीही तिने बंद पाडली. म्हातारे चिडले. देव तहानेला राहील म्हणाले. चंद्री दुसऱ्या दिवशी पद्मजाकडे आली आणि म्हणाली, "बाय, एक बाटली सरबत दे. देव पिईल नाय तर सांडून देईल."

तेव्हापासून देवाला धार जांभळाच्या सरबताची. धार दिली की चंद्री नारळावर हात ठेवते आणि मोठ्याने सांगते, किती वर्षं तिच्या तोंडाला थेंब लागला नाही ते. पाठोपाठ बायका, मग पुरुष. हरिचंद्र नावाचा एक म्हातारा आहे, तो दर वर्षी हात ठेवताना कुरकुरतो, "चंद्रीचा शब्द तुटला का आमचा सुटला, काय?" सगळे हसतात. चंद्री म्हणते, "तुटंल तवा बघ." पण ते नुसतं हसणं नाही. वाडी त्या एका बाईच्या शब्दावर टिकून आहे, हे हसणाऱ्यांनाही माहीत असतं.

हे सगळं पद्मजाला ठाऊक होतं. ते ठाऊक असताना दोन वर्षांपूर्वी तिच्या हातून जे घडलं, ते ती अजून पुरतं कुणाला सांगत नाही. सांगायला लागली की तिचा हात हवेत ढवळायचा थांबतो.

सोनिवलीला नवे टॉवर उभे राहिले. त्यातल्या एकात अनुया राहायला आली, तिशीतली, ऐरोलीला कुठल्याशा मोठ्या ऑफिसात. ती पद्मजाचं सरबत नेऊ लागली. एकदा जूनच्या सुरुवातीला आली ती हातवारे करतच.

"काकू, ऐका ना. रविवारी आमच्या घरी पार्टी आहे. वास्तूची पूजा झाली, नातेवाईक झाले, आता फक्त फ्रेंड्स. मला वेलकम ड्रिंक तुमचं हवंय."

"देते की. किती बाटल्या?"

"नुसतं सरबत नको. तुमच्या जांभळावर स्पार्कलिंग वाईन टॉप करायची. मी गोव्याला प्यायले होते तसं, पीचचं होतं. म्हटलं पीच कशाला, आपल्याकडे जांभूळ आहे. कलर इमॅजिन करा."

पद्मजाने कलर इमॅजिन केला. मग विचारलं, "म्हणजे दारू?"

"दारू काय काकू. वाईन. द्राक्षांची असते. नाशिकची."

"द्राक्षांची," पद्मजा म्हणाली. हा शब्द तिला बरा वाटला. मनुका, बेदाणे, नैवेद्याची वाटी, असलं काहीतरी त्याच्या आसपास होतं.

"मला तुमच्याशिवाय कुणाचा हात नकोय त्याला. तुम्ही यायचं, तुम्हीच करायचं, काउंटरला उभं राहून. मी सगळ्यांना सांगणारे, हे आमच्या काकूंचं क्रिएशन."

खरी गोम इथे होती. पंधरा-सोळा वर्षं पद्मजाच्या कामाला कुणी 'उद्योग' सोडून दुसरा शब्द लावला नव्हता. ती म्हणाली, "आधी करून बघायला लागेल."

अनुयाने गुरुवारी एक बाटली आणून दिली. जाड काचेची, मानेवर तारेचा पिंजरा. पद्मजाने ती ओल्या पंच्यात गुंडाळली, भाजीच्या पिशवीत घातली आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात मेथीच्या जुडीखाली झोपवली. श्रीपादला सांगितलं नाही. तो काही भांडखोर माणूस नव्हे. पण त्यांचं देवघर आणि फ्रिज यांच्यात चार फुटांचं अंतर, आणि देवघराशेजारी सासूबाईंचा फोटो. तो ओरडला नसता. नुसता फोटोकडे बघून म्हणाला असता, "छान." ते तिला नको होतं.

दुसरा दिवस शुक्रवार. अंबरनाथच्या कंपन्यांची सुट्टी. श्रीपाद जेवून आडवा झाला, पंख्याखाली घोरू लागला. पद्मजाने स्वयंपाकघराचं दार लोटलं.

हंगामाचा पहिला गर सकाळीच तयार झाला होता. तिने भांड्यात चार चमचे गर घेतला, आल्याचा रस, लिंबू, सैंधव. साखर बेताची, कारण अनुयाने सांगितलं होतं की वाईन कोरडी असते. कोरडी म्हणजे काय ते चाखल्यावर कळलं. तारेचा पिंजरा सोडवला, बूच अंगठ्याने हलवलं आणि ते सुटलं ते थेट चिमणीच्या जाळीवर. केवढा आवाज. ती कान देऊन उभी राहिली. घोरणं चालूच होतं.

पहिल्यांदा तिने सरळ ओतली. फेस भांड्याबाहेर, ओट्यावरून खाली फरशीवर. जांभळा, पांढरा, सळसळणारा फेस. दुसऱ्यांदा भांडं तिरकं धरलं, कडेकडेने धार सोडली, ढवळलं नाही. आता रंग खालून वर हळूहळू चढला, पहाटे आभाळ उजळतं तसा, आणि वर बोटभर गुलाबी फेस उभा राहिला. तिने चमच्याने चाखलं. अजून एक चमचा चाखलं. मग फुलपात्रात ओतून दोन चांगले घोट घेतले. जांभळाचा तुरटपणा जिभेला धरत होता आणि बुडबुडे तो सोडवत होते. तिला फार आवडलं. हेही ती कुणाला सांगत नाही.

तिने उंच ग्लास काढले नव्हते. नवऱ्याची झोप मोडली तर ओट्यावर उंच ग्लास दिसला असता. म्हणून फुलपात्र. ते घेतलं कुठून, तर ज्या कोपऱ्यात ते असतं तिथून. आणि पुन्हा भरून, अनुयाला फोटो पाठवायचा म्हणून, ठेवलं कुठे, तर हाताच्या सवयीने त्याच कोपऱ्यात, खिडकीखाली. बाटली मेथीखाली गेली. पद्मजा फरशीवर फडकं घेऊन बसली.

मागच्या नळावर पाय धुतल्याचा आवाज आला.

"झाला काय गो सरबत?" म्हणत चंद्री आत आली. पदराने तोंड पुसलं. तिचा हात ओट्याच्या कोपऱ्याकडे गेला, दर वर्षी जातो तसा, न बघता.

त्याच वेळी दार उघडलं. श्रीपाद डोळे चोळत उंबऱ्यात. "काय फुटलं मघाशी?"

पद्मजा गुडघ्यांवर होती. तिला दोघंही दिसत होते. चंद्रीने फुलपात्र उचललं होतं, मान अजून मागे टाकली नव्हती. एक शब्द पुरला असता. 'थांबा' एवढाच. पण 'थांबा' म्हटलं की 'का' आलं असतं, आणि 'का'चं उत्तर श्रीपादच्या समोर द्यावं लागलं असतं. ती म्हणाली, "काही नाही, डबा पडला."

चंद्रीने मान मागे टाकली. वरून ओतल्यामुळे वास तिच्या नाकाशी गेलाच नाही. तिचा गळा, वाळक्या शेंगेसारखा, तीनदा वरखाली झाला. अर्धं फुलपात्र. मग तिने डोळे मिचकावले, नाक चोळलं आणि हसली.

"काय टाकलंस गो त्यान? नाकान मुंग्या चालल्यात माझे."

"आलं," पद्मजा म्हणाली. "आलं जास्त झालंय."

"नाय, नाय. बेस हाय. इतकी वरसं पिते मी तुझे घरचा, असा कवाच नाय झाला." उरलेलंही तिने संपवलं, फुलपात्र नळावर धुतलं आणि पालथं घातलं. श्रीपाद म्हणाला, "वा, चंद्रीबाईंकडून पास म्हणजे क्वालिटीचा प्रश्न मिटला." आणि जांभई देत परत गेला.

चंद्री पाटी रिकामी करून निघाली. पद्मजा दारापर्यंत गेली. तिथेही सांगता आलं असतं. आता श्रीपाद नव्हता. ती म्हणाली, "उन्हाच्या जाताय, सावकाश जा."

रविवारची पार्टी झकास झाली. बाराव्या मजल्यावरची गच्ची, पांढरं टेबल, बर्फात मानेपर्यंत बुडवलेल्या बाटल्या. पद्मजाने नारळी काठाची साडी नेसली होती. ग्लासाच्या तळाशी गर, आलं, लिंबू, मग ग्लास तिरका आणि कडेकडेने वाईन. चाळीसेक माणसं, सगळी मोबाईल काढून. कुणी म्हणालं, "काकू, रील बनवू?" अनुयाने तिच्या खांद्यावर हात टाकून सांगितलं, "ही आमच्या काकूंची आयडिया." तीही अनुयाचीच होती खरं तर, पण पोरगी दिलदार. टाळ्या वाजल्या.

श्रीपादला पद्मजाने "सरबताची ऑर्डर आहे" एवढंच सांगितलं होतं. खोटं नव्हतं. त्या आठवड्यात तिने जे जे सांगितलं त्यातलं काहीच धड खोटं नव्हतं.

एका मुलीने विचारलं, "जांभळं कुठली हो? बाजारात अशी नाही मिळत."

"आमच्या चंद्रीबाई आणतात," पद्मजा म्हणाली, आणि तिच्या हातातली धार कडेवरून सुटून मधोमध पडली. फेस टेबलभर झाला. मुलगी हसत मागे सरली. त्यानंतर समोर जो जो मान वर करून पीत होता, त्याच्या गळ्याकडे पद्मजाला बघवेना.

आठवड्याने चंद्री आली ती पाटीशिवाय, नुसती. नळावर पाय धुतले आणि उंबऱ्यात बसली.

"पद्माबाय, तुझेकडं काम हाय. येते मंगळवारी देवाला धार हाय आमचे. औंदा त्यो सरबत दे, नाकान जातो त्यो."

पद्मजा भाकरी थापत होती. हात थांबला. "तो संपला हो. नेहमीचा देते ना, चांगला दाट."

"नाय. त्योच पायजे." चंद्री पुढे सरकली, आवाज खाली घेतला. "हरिचंद्र म्हातारा काय बोलतो माहीत हाय? बोलतो, तुझा देव पोरासारखा गोड पाणी पितो, त्याला झणका लागत नाय म्हणून पाऊस उशिरा येतो. मी बोलले, थांब, औंदा आमचे पद्माबायनी असा सरबत केलाय, दारू त्याचेपुढं काय लागते. थेंब दारू नाय आन नाकान झणका. सगळे वाडीला सांगून ठेवलंय मी." ती तोंडावर हात ठेवून हसली. पुढचे दोन दात नसल्यामुळे हसताना ती नेहमीच तोंड झाकते.

पद्मजा "बघते" म्हणाली.

तिने खरंच बघितलं. गर घेतला, आलं दुप्पट घातलं, वर सोडा ओतला. फेस आला. चव जवळपास तशीच आली. मग तिच्या डोक्यात आलं की हे बाटलीत भरून द्यावं आणि मोकळं व्हावं. बाटल्या ती उल्हासनगर कॅम्प चारमधून आणायची, टेकचंद नावाच्या सिंधी व्यापाऱ्याकडून. त्याला तिने विचारलं, "फेसवाल्यासाठी कुठली बाटली लागेल?"

टेकचंद सगळ्या बायकांना सिंधीत 'अदी', ताई, म्हणायचा. नाकावरचा चष्मा वर सारून तो म्हणाला, "अदी, सरबत में फेस किदर से आया?"

"सोडा डालती हूँ."

"तो ये काच नहीं चलेगी. ढक्कन उड़ जाएगा. जिसमें गॅस है ना, उसको दबा के कितने दिन रखोगी? बाहर तो आएगाच." तो बाटल्यांबद्दलच बोलत होता. पद्मजा रिकाम्या हाताने परतली.

त्या संध्याकाळी तिने श्रीपादला सगळं सांगितलं. मेथीखालच्या बाटलीपासून. तो शर्टाची बटणं काढत होता, ती काढत राहिला. फोटोकडे बघितलं नाही. 'छान' म्हणाला नाही. खुर्चीत बसला आणि कंपनीत बोलतो तसा बोलला.

"तिला माहीत आहे का? नाही. मग तिचा शब्द तुटला कसा? नकळत गेलेलं धरत नाहीत. तू सोड्याचं दे, विषय संपव."

"ती नारळावर हात ठेवणार आहे, अहो. बारा वर्षं थेंब नाही म्हणून सांगणार आहे. सगळ्यांसमोर."

"तिच्यापुरतं ते खरंच आहे."

"माझ्यापुरतं नाही ना."

"आणि सांगितलंस तर? ते म्हातारे टपलेलेच आहेत म्हणतेस. वाडीवर परत मडकी चढली, तर ते तुझ्यापुरतं चालेल?"

श्रीपादचं म्हणणं चुकीचं नव्हतं, त्यानेच तर जास्त त्रास झाला. चूक असतं तर भांडता आलं असतं. सांगितलं तर बारा वर्षं मोडणार होती, नाही सांगितलं तर चंद्री देवापुढे खोटं बोलणार होती, तेही न कळता, पद्मजाच्या वतीने. दोन दिवस तिने भाजीत मीठ दोनदा घातलं. ओट्याच्या कोपऱ्यातलं फुलपात्र तिने मांडणीच्या वरच्या फळीवर नेऊन ठेवलं, मग तिथूनही दिसतं म्हणून डब्यामागे.

मंगळवारी सकाळी श्रीपाद कामावर जायच्या आधी ती तयार होऊन उभी होती. पिशवीत नेहमीच्या सरबताची एक बाटली आणि डब्यामागून काढलेलं फुलपात्र.

"सोडा घेतलास?" श्रीपादने विचारलं.

"नाही."

त्याने स्कूटरची किल्ली बोटावर फिरवली. "बस. फाट्यापर्यंत सोडतो. उशिराचं काय ते कंपनीत बघून घेईन."

फाट्यावरून वाडी अर्ध्या तासाची चढण. पद्मजा पूर्वी दोनदाच गेली होती, एकदा सासूबाईंबरोबर, एकदा देऊ गेला तेव्हा. चंद्रीच्या घरामागे पाटावर तांदूळ पसरलेले होते. चंद्री कोंबड्या हाकत होती. पद्मजाला बघून तिचा हात तोंडावर गेला.

"तू स्वता आलीस? आणलास त्यो सरबत?"

"चंद्रीबाई, जरा इकडे या. मागे."

"मागंच हाव आपण," चंद्री म्हणाली. "बोल."

पद्मजाने वाटेत वाक्य जुळवलं होतं. ते आलंच नाही. "त्या दिवशी तुम्ही जे प्यायलात, ते सरबत नव्हतं. म्हणजे सरबत होतं, पण वर वाईन घातलेली होती. एका पार्टीची ऑर्डर होती, मी करून बघत होते. वाईन असते ती द्राक्षांची..."

"वाईन म्हंजे काय?"

"द्राक्षांची असते. नाशिककडे होते."

चंद्रीने हातातली काठी खाली ठेवली. "मोहाची मोहाची असते. गुळाची गुळाची असते. कशाची ते नाय विचारलं मी. दारू व्हती का नाय ते सांग."

"होती."

कोंबड्या तांदळावर चढल्या. दोघींनीही हाकल्या नाहीत.

"मी उचलला तवा तू कुठं व्हतीस?"

"तिथेच. फरशी पुसत होते."

"बघत व्हतीस?"

"हो."

"माझे हातान भांडा व्हता, तवा?"

"हो."

पद्मजा बोलत सुटली. श्रीपाद दारात होता, बाटली घरात आणल्याचं त्याला सांगितलं नव्हतं, एक शब्द तोंडाशी आला होता. बोलता बोलता तिला स्वतःलाच ते ऐकू येत होतं. नवऱ्याच्या एका 'छान'ला घाबरून तिने या बाईची बारा वर्षं ओट्यावर ठेवून दिली होती.

"मी सांगते सगळ्यांना," ती शेवटी म्हणाली. "चूक माझी आहे, मी देवापुढे सांगते."

"तू काय सांगतेस? देव तुझा नाय," चंद्री म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तिने काठी उचलली, कोंबड्या हाकलल्या आणि तांदूळ पाठमोरी होऊन सारखे केले. "बाटली आणलीस ना? चल."

देव म्हणजे वडाखाली शेंदूर लावलेला गुडघाभर दगड. पंचवीस-तीस माणसं जमली होती. हरिचंद्र म्हातारा पुढेच बसलेला, डोक्याला नवा टॉवेल. "आली गो झणक्याची बाटली?" त्याने विचारलं.

चंद्रीने बाटलीचं झाकण उघडलं, बाटली हातात धरून उभी राहिली आणि पद्मजाकडे वळून म्हणाली, "भांडा दे."

पद्मजाने पिशवीतून फुलपात्र काढलं. चंद्रीने त्यात सरबत ओतलं, काठोकाठ. दगडाकडे गेली नाही. फुलपात्र पद्मजापुढे धरलं.

"आधी तू पी."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पद्मजाने दोन्ही हातांनी फुलपात्र घेतलं. वरून ओतायला गेली, नेम चुकला, सरबत हनुवटीवरून पदरावर सांडलं. मग तिने तोंड लावलं आणि प्यायली. चंद्री तिच्या गळ्याकडे बघत होती. पहिला घोट उतरला, दुसरा, तिसरा. चंद्रीने मान हलवली, बाटली दगडापुढे नेली आणि धार सोडली. मातीने ती लगेच शोषली.

मग नारळावर हात ठेवला.

"पयलं वरीस," ती म्हणाली.

हरिचंद्र टॉवेल सावरत सरसावून बसला. "पयलं? बारा व्हती ना गो? बारा कुठं गेली?"

"सांडली."

"कशी सांडली?"

"सांडली म्हंजे सांडली. धक्का लागला."

"मंग आमचा शब्द सुटला का नाय? तूच तर बोल्ली व्हतीस..."

"माझी बारा सांडली," चंद्री म्हणाली. "तुझी कोणी सांडली? तुझे हातान हायत ना? ये, ठेव हात."

म्हातारा जागचा हलेना. पद्मजाला आपल्या पदरावरचा ओला डाग पोटाला गार लागत होता, आणि ती मनातल्या मनात त्या म्हाताऱ्याला हात जोडत होती. शेवटी हरिचंद्र गुडघ्यांवर हात टेकत उठला. "जीब हाय का कोयता," असं पुटपुटत त्याने नारळावर हात ठेवला. "बारा," म्हणाला, आणि मग चंद्रीकडे बघून, "तुझेपरीस मी म्होरं गेलो, ध्येनात ठेव." बायका हसल्या. चंद्री हसली नाही. एक एक करून सगळे आले.

पद्मजाचं नाव तिने घेतलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. वाडीत कुणी विचारलंच तर म्हणते, माझ्याच हातून झालं. हे ऐकून पद्मजाला घरी बसवत नाही. एकदा ती तसं बोलून गेली, तर चंद्री म्हणाली, "मंग उभी ऱ्हा."

अनुयाचे फोन अजून येतात. कुणाच्या ॲनिव्हर्सरीला, कुणाच्या फार्महाऊसवर. पद्मजा गर देते, कृती सांगते. ग्लास तिरका धर, कडेकडेने ओत, ढवळू नकोस. काउंटरला उभी राहत नाही. बाटल्या त्यांच्या घरीच उघडायच्या म्हणते.

चंद्री जांभळं आणते, तशीच हाताने तोडलेली. नळावर पाय धुते आणि आत येते. फुलपात्र पुन्हा ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात, खिडकीखाली असतं, भरलेलं. चंद्री त्याला हात लावत नाही. उंबऱ्यात बसते आणि पदराने घाम पुसते.

"झाला काय सरबत?"

"झालाय."

"पी मंग."

पद्मजा फुलपात्र उचलते आणि तोंड लावते. श्रीपाद घरात असला तर तोही दारात येऊन उभा राहतो. तिचे घोट उतरेपर्यंत चंद्री बघत राहते. मग हात पुढे करते आणि उरलेलं अर्धं, मान मागे टाकून, वरून पिते.

"औंदा बरा," ती म्हणते. या जूनमध्ये नारळावर हात ठेवून ती म्हणाली, "तिसरं वरीस."